मदत हवी आहे: दुर्मीळ आमरीचा क्लोरोप्लास्ट जिनोम, जोडणीत अडकले आहे

नमस्कार मंडळी,

वनस्पतिशास्त्र, बायोइन्फर्मॅटिक्स किंवा ऑर्किड, यांपैकी कशातही हात असलेल्यांची मदत हवी आहे. पोस्ट लांबली आहे, पण माहिती अर्धवट दिली तर उत्तरेही अर्धवट येतील, म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय आहे सह्याद्रीतली डेंड्रोबियम वंशातली एक छोटी आमरी, म्हणजे ऑर्किड. जुन्या झाडांच्या सालीवर वाढते, पावसाळ्यात पाने आणि फुले येतात, एरवी सालीला चिकटलेल्या फुगीर खोडांचा झुबका तेवढा दिसतो. आमचा नमुना ठाणे जिल्ह्याच्या घाटाकडच्या पट्ट्यातला आहे. जातीचे नाव आणि जागा मुद्दामच देत नाही, व्यनितूनही (व्यक्तिगत निरोपातूनही) कृपया विचारू नका. नाव आणि जागा एकत्र फुटली की झाडे ओरबाडून नेणारे तिथे पोचतात, हे सह्याद्रीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वनखात्याची लेखी परवानगी घेऊन, माझ्या मार्गदर्शक मॅडमसोबत जाऊन, एका झाडाचे एकच पान घेतले. त्या जागी झाडे इतकी मोजकी आहेत की दुसऱ्या पानासाठी परत जायचे नाही हे आधीच ठरले होते.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगते. या गटातल्या जाती फूल नसताना एकमेकींपासून ओळखणे फार अवघड आहे. कुणी रोपे उपटून नेताना पकडले गेले तर पोत्यात नुसती खोडे आणि मुळे असतात, त्यावरून जात सांगता येत नाही. वनस्पतींच्या डीएनए बारकोडसाठी (डीएनएवरून जात ओळखण्यासाठी) २००९ साली आरबीसीएल आणि मॅटके ही दोन जनुके ठरली, पण जवळच्या नात्यातल्या डेंड्रोबियममध्ये नुसत्या त्या दोघांवर निवाडा होतोच असे नाही. क्लोरोप्लास्टचा (पानातल्या हरितलवकाचा) पूर्ण जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, हातात आला की त्यात बदल कुठे दाटीने आहेत ते दिसेल. मग त्यातले दोन-तीन छोटे तुकडे निवडून पीसीआरचे (तेवढाच तुकडा वाढवून घेण्याच्या पद्धतीचे) प्रायमर, म्हणजे तुकड्याची टोके पकडणारे डीएनएचे छोटे धागे, बनवता येतील, आणि पुढच्या प्रत्येक झाडाला नखाएवढे पान पुरेल. आता घेतलेले पूर्ण पान शेवटचे ठरावे, एवढीच इच्छा आहे.

आतापर्यंतचे काम असे. पान सिलिका जेलमध्ये वाळवले. डीएनए सीटॅब पद्धतीने काढला, बफरमध्ये पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल होते. आमरीच्या पानात चिकटा भरपूर, पहिला अर्क भेंडीच्या पाण्यासारखा तार धरत होता. जास्त मिठाच्या द्रावणात पुन्हा अवक्षेप घेतल्यावर तो सुटा झाला. सीक्वेन्सिंग (डीएनएचे वाचन) बाहेरून करून घेतले: इल्युमिना यंत्रावर, प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांनी १५०-१५० बेस (डीएनएची अक्षरे), एकूण साधारण चार अब्ज बेस. तुकड्यांची सरासरी लांबी ३५०च्या आसपास. वाचलेले तुकडे (रीड्स) सलग लावायची जोडणी गेटऑर्गनेल या सॉफ्टवेअरने केली. वर्तुळ पूर्ण मिळाले, लांबी दीड लाख बेसजोड्यांच्या थोडी वर, कव्हरेज (एकेक अक्षर सरासरी किती वेळा वाचले गेले ते) सुमारे दोन हजार पट. इथवर सगळे छान.

आता अडचणी.

गेटऑर्गनेलने एकाऐवजी दोन जिनोम दिले. दोन्हींची लांबी अगदी सारखी. शेजारी ठेवून पाहिले तर मधला एसएससी (छोटा एकेरी) भाग एकात सुलटा आणि दुसऱ्यात उलटा आहे, बाकी अक्षरन्‌अक्षर तेच. यातला खरा कुठला? डेटाबेसला कुठला द्यायचा?

दुसरी अडचण जास्त छळते आहे. जीसेक या वेबसाधनावर जनुके ओळखायला दिली तेव्हा एनडीएच गटातली बरीच जनुके तुटकी निघाली. एनडीएच-डीमध्ये मधेच थांबा-संकेत आहे, एनडीएच-एफ तर जवळपास नाहीच. ऑर्किडांमध्ये हे होते असे वाचले आहे, त्यामुळे तेवढ्याने घाबरले नव्हते. पण खात्री करायला दुसऱ्या ऑर्किडचे पूर्ण एनडीएच-एफ घेऊन त्यावर आमचे मूळ रीड्स लावले, तर रीड्स चक्क जुळले! थोडेथोडके नाहीत, चाळीस-पन्नास पट कव्हरेज आहे. मग हे जनुक आमच्या झाडात आहे की नाही? गेटऑर्गनेलने ते गाळून टाकले असेल तर आख्खी जोडणीच संशयास्पद ठरते.

तिसरी अडचण लहान आहे. टीआरएनटी आणि टीआरएनएल या जनुकांच्या मधल्या पट्ट्यात एका ठिकाणी कव्हरेज एकदम खाली येते. तिथे नुसती ए आणि टीची रांग आहे.

उरलेला डीएनए थोडाच आहे, म्हणून तो कशावर खर्च करायचा हेही विचारून करावे असे वाटते. कॉलेजात हे काम केलेले कुणी नाही. ठाणे-नवी मुंबईत कुणी असेल तर प्रत्यक्ष भेटायलाही येईन.

– मृगसर

कोपरखैरणेकर

मृगसर, प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे आहे.

पहिल्या अडचणीची काळजी सोडा. दोन्ही जिनोम खरे आहेत. क्लोरोप्लास्टच्या वर्तुळात एलएससी (मोठा) आणि एसएससी (छोटा) हे दोन एकेरी भाग असतात आणि त्यांच्या मधे एकाच मजकुराच्या, उलटसुलट दिशांच्या दोन आयआर प्रती. त्या दोन प्रतींमध्ये आपसात अदलाबदल होत राहते आणि एसएससी फिरत राहतो. एकाच झाडात दोन्ही मांडण्या साधारण सारख्या प्रमाणात असतात, हे जेफ्री पामर यांनी १९८३ सालीच दाखवले आहे. तुमचे तुकडे ३५० बेसचे आणि डेंड्रोबियमचा आयआर सुमारे २६ हजारांचा. कुठलाही तुकडा आयआर ओलांडून पलीकडे जात नाही, तेव्हा सॉफ्टवेअरने दोन्ही देणे हाच प्रामाणिकपणा आहे. प्रसिद्ध झालेल्या डेंड्रोबियम नोंदींमध्ये एसएससीची जी दिशा आहे ती निवडा आणि सुरुवात एलएससीच्या पहिल्या बेसपासून धरा, म्हणजे पुढे तुलना करताना त्रास होणार नाही. बँडेज या सॉफ्टवेअरमध्ये जोडणीच्या ग्राफची फाइलही उघडून बघा. दोन एकेरी भाग आणि मधे जोडणारा दुप्पट कव्हरेजचा आयआर असे स्वच्छ चित्र असेल तर जोडणी उत्तम आहे.

एनडीएच-एफबद्दल: तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. क्लोरोप्लास्टचे कव्हरेज दोन हजार पट. एनडीएच-एफ क्लोरोप्लास्टमध्ये असते तर तेही दोन हजारांच्या आसपास आले असते, पन्नासवर थांबले नसते. आता केंद्रकाकडे बघा. डेंड्रोबियमच्या ज्या जातींचा केंद्रकातला जिनोम झाला आहे तो एक अब्ज बेसच्या वर आहे. तुमच्या चार अब्जांतून केंद्रकाला तीन-चार पटच कव्हरेज मिळणार. म्हणजे हे रीड्स केंद्रकातल्या एखाद्या प्रतीचेही दिसत नाहीत. मधे उरतो मायटोकॉन्ड्रिया. क्लोरोप्लास्टमधून हरवलेल्या एनडीएच जनुकांचे तुकडे ऑर्किडांच्या मायटोकॉन्ड्रियात सापडतात, २०१५ साली यावर शोधनिबंध आला आहे. माझा संशय तिथेच आहे.

पडताळणी अर्ध्या तासाची आहे. कॉक्स-वन, एटीपी-वन अशी मायटोकॉन्ड्रियाची हमखास जनुके घ्या आणि त्यांवर तेच रीड्स लावा. तिथेही चाळीस-पन्नास पट आले तर प्रश्न मिटला. शिवाय आयजीव्ही या रीड्स दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एनडीएच-एफच्या कडेचे रीड्स डोळ्यांनी बघा. तुकडा जिथे संपतो तिथून पुढचा मजकूर क्लोरोप्लास्टचा आहे की दुसऱ्याच कशाचा, ते लगेच कळेल.

जुना_वनस्पतिवाला

वरचे उत्तर पटले. एनडीएचबद्दल थोडी भर घालतो.

ही एकूण ११ जनुके, ए ते के. क्लोरोप्लास्टच्या आत इलेक्ट्रॉन चक्राकार फिरवणारी जी यंत्रणा असते तिचे भाग ती बनवतात. ऑर्किडाचा पहिला पूर्ण क्लोरोप्लास्ट जिनोम २००६ साली आला, फॅलिनॉप्सिस अ‍ॅफ्रोडाइटीचा, १,४८,९६४ बेसजोड्यांचा. त्यातही एनडीएच जनुके एकतर नव्हती किंवा तुटकी होती. पुढे ऑर्किड कुळात हा ऱ्हास एकदाच न होता वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे झाल्याचे दिसले. तेव्हा ताई, तुमच्या आमरीत जनुके तुटकी असणे हा दोष मुळीच नाही. कुठले जनुक किती तुटले आहे हेच शेजारच्या जातींपासून वेगळेपण दाखवू शकते.

आयआर आणि एसएससीची सीमा मात्र नीट तपासा. एनडीएच-एफ नेमके त्या सीमेजवळ असते. ते गेले की सीमा सरकते, आणि वायसीएफ-वन जनुक कमी-जास्त प्रमाणात आयआरमध्ये ओढले जाते. उरलेला डीएनए खर्च करायचा असेल तर तो आधी इथे. चारही सीमांवर प्रायमर बनवा, पीसीआर करा, सँगर पद्धतीने वाचून घ्या.

कुळाच्या दुसऱ्या टोकाला काय झाले आहे तेही बघण्यासारखे आहे. प्रकाशसंश्लेषण सोडून पूर्णपणे बुरशीवर जगणाऱ्या ऑर्किडांचा क्लोरोप्लास्ट जिनोम आटत जातो. ऑस्ट्रेलियातल्या, जमिनीखाली फुलणाऱ्या रायझँथेला गार्डनेरीत तो ५९,१९० बेसजोड्यांवर आला आहे, आणि एपिपोगियम रोझियममध्ये जेमतेम १९ हजारांवर. विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा वर्ग शांत होतो. एवढी विविधता असलेले कुळ आपल्या घाटातल्या आंब्या-जांभळावर वाढते, आणि गावोगाव त्याला बांडगूळ समजून कोयत्याने उतरवतात. बांडगूळ झाडात मुळे घुसवून पाणी आणि क्षार ओढते. आमरी सालीचा फक्त आधार घेते. हा फरक शाळेतच शिकवायला हवा.

घाटवाटा

सगळ्यांचा आदर राखून एक शंका विचारतो. मी माळशेज-मुरबाड बाजूला बरीच वर्षे फिरतो. रस्ता रुंदीकरणात जुनी झाडे गेली, त्यांच्यावरच्या आमऱ्या त्यांच्याबरोबर गेल्या. एका झाडाच्या एका पानाचा जिनोम काढून त्यातली कुठली वाचणार? तोच पैसा आणि वेळ उरलेली झाडे राखण्यात घातला तर?

मृगसर

घाटवाटा दादा, तुमची शंका रास्त आहे. एका पानाच्या जिनोमवरून त्या जागी विविधता किती उरली आहे हे कळणार नाही. त्यासाठी वेगवेगळ्या जागांची बरीच झाडे तपासावी लागतील, आणि प्रत्येकाचे आख्खे पान घेऊन ते करणे मला मान्य नाही. म्हणूनच आधी एकाचा पूर्ण जिनोम. त्यातून छोटे तुकडे ठरले की बाकीच्यांना जवळजवळ हात न लावता काम होईल.

दुसरे असे की बहुतेक सपुष्प वनस्पतींत क्लोरोप्लास्ट आईकडून येतो, म्हणजे बियांबरोबर प्रवास करतो. आमरीचे बी धुळीसारखे बारीक, वाऱ्यावर जाणारे, त्यात पोसणारा साठा नाही, रुजायला योग्य बुरशी भेटावी लागते. दोन घाटांमधल्या झाडांत क्लोरोप्लास्टचे वाण वेगळे निघाले, तर त्यांच्यात बियांची ये-जा फारशी नाही असा अंदाज बांधता येतो. मग रोपे वाढवून पुन्हा लावायची वेळ आली तर कुठल्या घाटातले बी कुठे न्यायचे, हे आंधळेपणाने ठरवावे लागणार नाही. झाडे राखणे पहिले, याबद्दल माझे दुमत नाही. रस्त्याच्या कामात उतरणाऱ्या फांद्यांवरच्या आमऱ्या परवानगीने दुसऱ्या झाडांवर बांधायचे काम तुमच्या बाजूला कुणी करत असेल तर मला कळवा, आमच्या कॉलेजची मुले नक्की येतील.

कोपरखैरणेकर, कॉक्स-वन आणि एटीपी-वन दोन्हींवर रीड्स लावले. कव्हरेज पन्नासच्या आसपास! एनडीएच-एफच्या एका कडेला तर रीड्स सरळ मायटोकॉन्ड्रियाच्या मजकुरात शिरतात. इतके दिवस डोक्यावर बसलेले ओझे उतरले. मनापासून आभार. बँडेजमधले चित्रही तुम्ही म्हणालात तसेच स्वच्छ आहे.

कोपरखैरणेकर

छान! आता ए-टीच्या रांगेबद्दल. इल्युमिनाच्या लायब्ररीत (वाचनासाठी तयार केलेल्या तुकड्यांच्या संचात) अशा पट्ट्यांचे तुकडे कमी वाढतात, त्यामुळे कव्हरेज पडणे नेहमीचे आहे. किती रीड्स तो पट्टा सलग ओलांडतात ते मोजा. शंभर-दीडशेही असतील आणि सगळ्यांचे एकमत असेल तर पुढे जा. एकमतच नसेल, कुणी ११ ए दाखवतो, कुणी १३, तर सँगरने दोन्ही बाजूंनी वाचा. एका बाजूने वाचताना लांब रांगेनंतर आलेख घसरतो, म्हणून दोन्ही बाजू. आणि हा पट्टा तुमच्या प्रायमरसाठी निवडू नका. बदल भरपूर दिसतील, पण त्यातले वाचनाच्या चुकीचे किती आणि खरे किती हा वाद कायम राहील. वायसीएफ-वनकडे आधी बघा. उपलब्ध डेंड्रोबियम जिनोम मॅफ्ट या सॉफ्टवेअरने रांगेत लावून डीएनएएसपी या सॉफ्टवेअरने सरकत्या खिडकीची विविधता काढलीत की जागा आपोआप वर येतील.

आणखी एक पडताळणी फुकटात होते. नोव्होप्लास्टी या दुसऱ्या सॉफ्टवेअरने स्वतंत्र जोडणी करा, सुरुवातीचा तुकडा (बीज) म्हणून आरबीसीएल देऊन. तिला रीड्सची गुणवत्तेनुसार छाटणी केलेली चालत नाही, फक्त अ‍ॅडाप्टर (वाचनासाठी जोडलेली कृत्रिम टोके) काढा. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच वर्तुळ आले की परीक्षकही गप्प बसतात.

जनुकांच्या यादीत जीसेकवर पूर्ण विसंबू नका. आरपीएस-१२ दोन वेगळ्या जागांवरून जोडले जाते, ते हाताने नीट नोंदवावे लागते. काही जनुकांची सुरुवात एटीजीऐवजी एसीजी किंवा जीटीजीने दिसेल. त्यांना लगेच तुटकी ठरवू नका, एसीजीच्या बाबतीत आरएनए स्तरावर दुरुस्ती होते. खरोखर तुटलेली एनडीएच मात्र छद्मजनुक म्हणूनच नोंदवा.

जुना_वनस्पतिवाला

एक विचारायचे राहिले. नमुन्याचा पुरावा काय ठेवला आहे? पूर्ण झाड दाबून हर्बेरियम शीट करू नये हे उघड आहे. पण पुढे कुणी जातीच्या ओळखीवर शंका घेतली तर दाखवायला काहीतरी लागेल.

सिलिकाचेही बघा. ठाण्याच्या पावसात डबा उघडला की मणी ओल धरतात. दर्शक मण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून घ्या, नाहीतर उरलेले पान हळूहळू खराब होईल.

मृगसर

सर, एकच फूल सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आहे, सोबत झाडाचे जागेवरचे सर्व बाजूंचे फोटो आणि ओठाच्या पाकळीचे मोजमापासह जवळून फोटो. फूल आणि फोटो एकाच क्रमांकाने पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रात द्यायचा विचार आहे. डीएनएच्या नळीवरही तोच क्रमांक आहे. डीएनए छोट्या छोट्या नळ्यांत विभागून गोठवला आहे, म्हणजे एक काढताना बाकीच्या वितळणार नाहीत.

जुना_वनस्पतिवाला

उत्तम. डेटाबेसला देताना अक्षांश-रेखांशाचा रकाना येतो, तिथे नेमके आकडे भरू नका. जिल्हा आणि राज्य पुरे. नेमकी जागा वनखात्याकडे आणि हर्बेरियमच्या नोंदवहीत राहू द्या. जेनबँकेत नोंद ठरावीक तारखेपर्यंत झाकून ठेवता येते, ती सोय वापरा. फरिदाबादला २०२२पासून इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू आहे, सरकारी निधी असेल तर तिथेही नोंद करावी लागेल, मॅडमना विचारून घ्या. आणि प्रायमर तयार झाले की ते वनखात्यापर्यंत साध्या मराठीत लिहून पोचवा: कुठला तुकडा, किती पान लागते, ते कसे वाळवून पाठवायचे.

घाटवाटा

ताई, उत्तर पटले. मुरबाडच्या रस्त्याकडेला तोडीसाठी खुणा केलेली काही झाडे आहेत, त्यांवर आमऱ्या दिसतात. कुठल्या जातीच्या ते मला सांगता येणार नाही. वनपालांशी बोलणे झाले की व्यनि करतो. फांद्या उतरतील तेव्हा तुमची मुले हजर राहिली तर झाडे वाया जाणार नाहीत.

मृगसर

नक्की, दादा. परवानगीचे पत्र कॉलेजकडून द्यायची तयारी मॅडमनी दाखवली आहे, कुणाच्या नावाने द्यायचे तेवढे कळवा. पडलेल्या फांद्यांवरच्या झाडांची पानेही परवानगीने घेता येतील, म्हणजे प्रायमरची पहिली चाचणी त्यांवरच करू.

धाग्यातला एकच प्रश्न आता उरला आहे. चारही सीमांचे प्रायमर मी बनवून ठेवते, पण आमच्या कॉलेजचे पीसीआर यंत्र सध्या दुरुस्तीला गेले आहे. ठाणे, कळवा किंवा वाशी-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजात दोन दिवस यंत्र वापरायला मिळेल का? रसायने आम्ही आणू. ओळखीचे कुणी असेल तर कृपया इथेच लिहा किंवा व्यनि करा.